दगडाच्या अक्षरांना वळण

एका राज्यात बोलण्याची मुभा सगळ्यांना होती. आठवण्याची कुणालाच नव्हती.

ते असे झाले. त्या राज्याच्या पहिल्या राजाने अचलनाथ नावाच्या मांत्रिकाची बारा वर्षे सेवा केली. नाथ प्रसन्न झाला आणि म्हणाला, माग. राजाने मागितले की माझा शब्द कुणालाही पुसता येऊ नये. नाथाने त्याला सत्तावीस अक्षरे दिली आणि वर दिला, की या अक्षरांत दगडावर जे कोरले जाईल ते टिकेल. जे कोरले जाणार नाही ते टिकणार नाही. राजाने वराचा पहिला अर्धा ऐकला आणि हत्तीवरून साखर वाटली. दुसरा अर्धा त्याने ऐकला नाही. तोच शाप होता.

तेव्हापासून राज्यात घराच्या उंबऱ्याबाहेर काहीही घडले, तरी ते येत्या अमावास्येच्या सूर्यास्तापर्यंतच लोकांच्या ध्यानात राही. तोवर कोरले गेले तर राहिले. नाही तर गेले. घडल्याच्या उलट कोरले गेले तर लोक अमावास्येआधीच एकेक करून विसरू लागत. आणि जे घडलेच नाही असे ठरे, त्यातली माणसेही नव्हतीच असे ठरे. ती दिवसादिवसाने विरळ होत, आणि अमावास्येला ऊन उतरताच दिसेनाशी होत. कुणी रडत नसे, कारण रडायचे कुणासाठी हेच आठवत नसे.

एक अक्षर कोरायला सूर्योदयापासून मध्यान्हीपर्यंत वेळ लागे. दगड राजाचा, छिन्नी राजाची, पाथरवटही राजाचेच. मग राज्यात काय टिकत असेल ते सांगायला नको. राजाच्या शिकारी टिकल्या. राजाच्या हत्तीचे बारसे टिकले. तीन दुष्काळ होऊन गेले, त्यांचा कुठे पत्ता नाही.

अक्षरे मात्र देखणी होती. ज्या वस्तूच्या नावात पहिला जो उच्चार, तेच त्या अक्षराचे नाव आणि तोच आकार. क म्हणजे कोयता, फ म्हणजे फाळ, म म्हणजे मासा, श म्हणजे सात पायऱ्यांची शिडी. सगळी टोकदार, कोनाकोनांची, आणि प्रत्येक अक्षर शेजारच्यापासून बोटभर लांब. अक्षराला अक्षर लागले तर पाथरवटाचा अंगठा छाटत.

राजवाड्याच्या चौकात या शिळा ओळीने उभ्या होत्या. त्या रोज सकाळी राखेने आणि काथ्याने धुण्याचे काम धोंडोजी पाथरवटाची धाकटी लेक हौसा करी. धोंडोजी राजाचा पहिला पाथरवट. त्याची थोरली लेक येसू साळपे गावी दिली होती, राजाच्या मोठ्या तळ्याच्या खाली.

त्या वर्षी पौर्णिमेच्या पहाटे तळ्याचा बांध फुटला. साळपे वाहून गेले. त्रेसष्ट माणसे बुडाली, एकेचाळीस वाचली. वाचलेली माणसे, त्यांत येसूही, ओल्या कपड्यांनी चालत राजधानीला आली आणि राजवाड्याच्या देवडीशी दाद मागत बसली. राजा जयकेत दुपारी झोपत असे आणि संध्याकाळी गाणे ऐकत असे, म्हणून त्यांची भेट प्रधान दंडपालाने घेतली. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले, त्यांना गूळपाणी दिले, आणि धोंडोजीला बोलावून तीन ओळींची शिळा सांगितली. आठ पाथरवट एका वेळी बसले आणि चार दिवसांत शिळा उभी राहिली:

तळे भरले.
बांध भक्कम.
तळ्याखाली गाव नाही.

दुसऱ्या दिवशी हौसा ती नवी शिळा धुवायला गेली. वाचली. हातातला काथ्या तिथेच टाकून ती देवडीवर धावली. येसू भिंतीला टेकून बसली होती. हौसाने तिचा हात हातात घेतला, तर हातातून पलीकडच्या भिंतीचा गिलावा दिसत होता.

देवडीवर बहिरोजी नावाचा म्हातारा शिपाई पहारा करी. पहिल्या दिवशी त्याने साळप्याच्या लोकांना शिव्या दिल्या होत्या. आज त्याने हौसाला विचारले, की तू एकटीच भिंतीशी काय बोलतेस.

हौसा घरी आली. धोंडोजी अंगणात छिन्नीला धार लावत बसला होता.

"आबा, ती शिळा तुम्ही कोरलीत?"

"हुकूम होता."

"आपली अक्का साळप्याला दिलेली आहे."

धोंडोजीने छिन्नी उन्हात धरून बघितली. "कोण अक्का?" तो म्हणाला.

हौसा तिथे रडली नाही. तिने घरातली कुदळ उचलली आणि ती चौकात परत आली. तिच्या मनात ती शिळा उखडून टाकायची होती. पण ती शिळा चौघांनाही हलणारी नव्हती. मग रागाच्या भरात ती सगळ्यांत जुन्या शिळेकडे वळली. तिला आदिशिळा म्हणत. तिच्यावर नाथाचा वर कोरलेला होता. सगळ्या धुणाऱ्या बाया आजवर ती जमिनीपर्यंतच धूत आल्या होत्या, कारण त्याखाली धुवा असे कुणी सांगितले नव्हते. हौसाने बुडाशी कुदळ घातली. वीतभर माती निघाली तशी खाली आणखी अक्षरे लागली. तिने ती राखेने घासली, चोळी भिजेपर्यंत पाणी ओतले आणि मोठ्याने वाचली:

हात न उचलता जो शब्द लिहील,
बोलीच्या वेगाने जो लिहील,
ज्याने ते कधी पाहिले नाही आणि ज्याला ते वाचायचे नाही, त्यालाही जो ते वाचायला लावील,
त्याचे लिहिणे दगडाइतके खरे.

शेवटचा शब्द वाचून होताच दगडातून एक चेहरा वर आला. फक्त चेहरा. दाढीला शेवाळ होते.

"चार पिढ्यांनी कुणीतरी पूर्ण वाचले," अचलनाथ म्हणाला. "नाव काय?"

"हौसा. शिळा धुते."

"मी दिलेल्या शब्दाने मीही बांधला गेलो, मुली. लोक अर्धे वाचतात. किती दिवस आहेत?"

"दहा."

"तीन कामे आहेत. प्रत्येक काम झाले की येऊन दाखव. झाले नाही, तर तुला तुझी बहीण आठवणार नाही. त्याचा तुला त्रासही होणार नाही."

"म्हणूनच ते मला नको," हौसा म्हणाली.

ती नदीच्या वाळवंटात गेली. ओली वाळू हाताने सारखी केली, बोरू घेतला आणि अक्षरे काढायला बसली. मासा काढला, कोयता काढला, शिडी काढली. प्रत्येक कोन जिथल्या तिथे. पण एका अक्षराच्या शेवटापासून दुसऱ्याच्या सुरुवातीला जायचे तर हात उचलावाच लागे. न उचलता ओढला तर मधे एक रेघ राही आणि शब्द दावणीला बांधलेल्या लंगड्या गुरांसारखा दिसे.

वाळवंटात एक टिटवी होती. त्या राज्यातल्या टिटव्या माणसांसारख्या बोलत, आणि बोलत ते बहुधा चुका काढायलाच. ती दोन पावले जवळ आली.

"हे काय चाललंय?"

"अक्षरं लिहितेय."

"अक्षरं कुठली? तू दगड लिहितेयस. वाळूला कशाला हवेत कोपरे? वाळू काय छिन्नीने फोडायचीय?"

हौसाने तिला वाळूचा गोळा फेकून मारला. टिटवी उडाली, पण बोलणे जागच्या जागी राहिले. दोन दिवस हौसा कोपरे घासून गोल करत राहिली. अक्षरे गुळगुळीत झाली. एकमेकांचा हात मात्र धरीनात.

तिसऱ्या दिवशी ती भाकर खायला घरी आली. धोंडोजी नव्या दगडासमोर बसला होता. पाथरवटांची एक रीत होती. पहिला घाव घालण्याआधी मोकळ्या बोटाने तो शब्द हवेत काढायचा. याला वारा देणे म्हणत. वारा दिला नाही तर दगड तडकतो अशी समजूत होती. का, ते कुणाला ठाऊक नव्हते. हौसाने ते जन्मापासून पाहिले होते, म्हणून कधीच पाहिले नव्हते.

आज तिने पाहिले. बापाचे बोट हवेत फिरत होते. त्यात एकही कोन नव्हता. माशाच्या शेपटीतून ते कोयत्याच्या मुठीत गेले, तिथून वळसा घेऊन पुढे. शब्द संपेपर्यंत बोट कुठे थांबले नाही. मग त्याने छिन्नी उचलली आणि तोच शब्द तोडून तोडून, बोटभर अंतर ठेवून, दगडात मारू लागला.

हौसा भाकर तशीच ठेवून समोर येऊन बसली.

"आबा, मला सत्तावीसच्या सत्तावीस अक्षरांना वारा देऊन दाखवा."

"बायकांना वारा दाखवत नाहीत."

"दगड धुवायला बायका चालतात."

"तोंड सांभाळ, हौसे."

"बरं. दोनच अक्षरांना द्या. ये आणि सू."

धोंडोजीने कुरकुरत बोट उचलले. एका झोक्यात ते वर गेले, खाली आले, वळले आणि विसावले. इतके सहज, की त्याचे त्यालाच नवल वाटले. त्याने पुन्हा काढले. तिसऱ्यांदा काढले.

"हा शब्द माझ्या बोटात आहे," तो म्हणाला. "कुणाचं नाव हे?"

"तुमच्या थोरल्या लेकीचं. पाळण्याच्या दांडीवर तुम्हीच बोटानं काढत बसायचात. आईनं सांगितलेलं."

धोंडोजीला तरीही काही आठवले नाही. पण तो आपल्या बोटाकडे बघत राहिला. डोके विसरते आणि हात विसरत नाही, याचा अर्थ कुणीतरी त्याच्या डोक्यात हात घातला आहे, एवढे त्या म्हाताऱ्याला कळले. तो उठला, दार लावून आला, आणि त्याने सत्तावीसही अक्षरांना वारा दिला. पुढून, मागून, जोडीने. हौसा राख पसरलेल्या पाटावर बोट ठेवून त्याच्या बोटामागे चालत होती.

दुसऱ्या सकाळी ती आदिशिळेसमोर राख पसरून बसली आणि हात न उचलता तिने लिहिले: येसू साळप्याची. नाथाने पाहिले. त्याचे दोन्ही हात दगडातून बाहेर आले.

"एक झाले," तो म्हणाला. "याला काय म्हणशील?"

हौसा म्हणाली की दगडाच्या अक्षरांना वळण नव्हते, आता आले. तर वळणच म्हणू.

सहा दिवस उरले होते. नाथाने तांब्याचे घटिकापात्र पाण्यात सोडले आणि सांगितले की पात्र बुडेपर्यंत कुणी बोलत राहील, तू लिहीत राहा. एक शब्द सुटता कामा नये. बोलायला कोण, असे त्याने विचारायच्या आत टिटवी आदिशिळेच्या माथ्यावर येऊन बसली होती.

टिटवी बोलली. पहिल्या श्वासात तिने राजाच्या झोपेची लांबी सांगितली, दुसऱ्यात प्रधानाच्या सासूचे नाव घेतले, तिसऱ्यात नदीतल्या सगळ्या पाणपक्ष्यांची लफडी. हौसा दुसऱ्या वाक्यापाशी होती तेव्हा टिटवी सतराव्यापाशी पोहोचली होती. पात्र बुडाले.

"शिडीच्या सात पायऱ्या मोजत बसली होती," टिटवी नाथाला म्हणाली. "मी सात पायऱ्या चढून उतरून आले."

ते खरे होते. हौसा घरी गेली. ती हुशारी लढवत बसली नाही. तिने एकच शब्द शंभर वेळा लिहिला. मग दुसरा शंभर वेळा. पन्नासाव्या वेळेला मनगट दुखू लागले, सत्तराव्याला हात हट्टाला पेटला, आणि शंभराव्या वेळेला हाताने जे नको होते ते आपोआप टाकून दिले. शिडीच्या सात पायऱ्यांची एक लाट झाली. तराजूची दोन पारडी दोन थेंब झाली. प्रत्येक अक्षराच्या टाचेशी दगडात एक खाच असे. छिन्नी टेकवायची जागा, दुसरे काय? तीही गेली. शंभरावे रूप तिने घेतले, नव्व्याण्णव पुसून टाकली. सत्तावीस अक्षरांना दोन दिवस लागले. या दोन दिवसांत येसूचा आवाज इतका बारीक झाला की कान तिच्या ओठांना लावावा लागे.

मग पुन्हा घटिकापात्र पाण्यात पडले. टिटवीने घसा साफ केला आणि या खेपेला तिने श्वासच घेतला नाही. हौसाचा बोरू खळ दिलेल्या कापडावर पळत होता. पात्र बुडाले तेव्हा टिटवी म्हणाली की मी शेवटी काय म्हणाले ते वाच. हौसाने वाचले:

"या पाथरवटाच्या पोरीला माझ्याइतकं भरभर येणं शक्य नाही, हे मी लिहून द्यायला तयार आहे."

"तू द्यायची गरज नाही," हौसा म्हणाली. "मी लिहिलंय."

नाथ कमरेपर्यंत बाहेर आला, आणि चौकात कुणाची चाहूल लागताच पुन्हा दगडात मिटला.

चार दिवस उरले. हौसाने कोष्ट्याकडून अकरा हात पांढरे कापड आणले, काजळीची शाई खलली आणि ती देवडीवर भिंतीशी जाऊन बसली. एकेचाळीस माणसे एकेक करून तिच्या कानाशी आली. कुणी सांगितले की बांध बांधताना चुन्यात निम्मी राख मिसळली. कुणी सांगितले की आदल्या पावसात बांधाला पाझर होता, तो दाखवायला गेलेल्याला प्रधानाने चाबकाने मारले. कुणी सांगितले की प्रधानाने आपल्या नव्या वाड्याला लागेल तेवढा चुना रात्रीतून उचलला नाही, भर दुपारी उचलला, कारण कोण विचारणार होते. येसूने त्रेसष्ट नावे सांगितली. तिच्या नवऱ्याचे नाव चौथे होते. ते तिने इतर नावांच्याच सुरात सांगितले आणि पुढे गेली.

लिहून झाल्यावर हौसाने ठरवले की आधी घरचे नाही, परक्याच्या डोळ्यांनी तपासावे. बहिरोजीला दगडाची अक्षरे येत होती आणि रोज भिंतीशी बोलत बसते म्हणून तिच्यावर त्याचा राग होता, म्हणजे तो मुरवतीने वाचणार नव्हता.

"बहिरोजीकाका, एवढी ओळ वाचा."

बहिरोजीने भाला भिंतीला लावला, कापड लांब धरले, मान मागे नेली. अडखळला, पण लागले. "पौर्णिमेच्या पहाटे... तळ्याचा बांध... कुटला."

"काय?"

"कुटला. बांध कुटला. म्हणजे चोपून चापून पक्का केला. बरं लिहिलंयस की. प्रधानजी खूश होतील."

भिंतीतून कुणीतरी हसले. ती येसू होती आणि ते हसणे चांगले नव्हते. हौसाने कान लावला. येसू म्हणत होती, की आम्हाला बुडवलं त्यांनी, आणि स्तुती लिहायला तू.

हौसाने कापड ओढून घेतले. फाळ आणि कोयता. दोन्ही पात्यांचे आकार, दोन्ही एकाच बाजूला वाकलेले. दगडात दोहोंत फरक तो टाचेच्या खाचेचा. कोयत्याची खाच साधी, छिन्नी टेकवल्याची. फाळाची खाच खोल, कारण तिथे फाळ नांगराला बसतो. सव्वीस खाचा नुसत्या खाचा होत्या आणि एक खाच हे अर्धे अक्षर होते. शंभराव्या वेळेला तिच्या हाताने ती कोयत्याच्या खाचेबरोबरच टाकली होती. फुटला त्याचा कुटला झाला होता. प्रधानाला आठ पाथरवट आणि चार दिवस लागले, ते तिने घाईत एका फटकाऱ्यात केले होते.

ती रात्र तिने डोळे मिटून काढली, झोपून नव्हे. सकाळी खाच परत घालून पाहिली. हात थांबला, उचलला गेला. पहिलेच काम मोडले. मग तिने फाळाच्या टाचेशी हात मागे नेऊन एक गाठ मारली, जशी नांगराच्या दोरीला मारतात, आणि त्या गाठीतूनच पुढच्या अक्षरात शिरली. हात थांबला नाही. घटिकापात्र लावून पाहिले. वेळही वाढला नाही, कारण पुढच्या अक्षरापर्यंत जायला जी उडी लागे ती गाठीनेच भरून काढली.

मग तिने सत्तावीस अक्षरे जोडीजोडीने समोरासमोर बसवली आणि कोण कुणाचा वेष घेऊ शकतो ते पाहिले. आणखी दोन जोड्या निघाल्या. त्यांनाही वेगळे केले. मग अकरा हातांचे दुसरे कापड आणले आणि पहिल्यापासून सगळे पुन्हा लिहिले. धोंडोजी शेजारी बसून शाई खलत होता. त्याने विचारले की हे कुणाचे आहे. ती म्हणाली, तुमचे आहे, खला.

अमावास्येच्या तिसऱ्या प्रहरी दरबार भरला. दरबार चौकाकडे उघडा असे आणि समोर शिळा उभ्या असत. पहिल्या पाथरवटाला दरबारात येण्याची मुभा होती; धोंडोजी आला आणि त्याच्यामागून कापडाची गुंडाळी घेऊन हौसा. चौकात आदिशिळेतून कमरेपर्यंत बाहेर आलेला मांत्रिक पाहून दरबाराची गाणी बंद पडली. राजा जयकेत जागा झाला.

"महाराज," अचलनाथ म्हणाला, "तुमच्या पणजोबांना दिलेला वर मी आज पुरा करणार आहे. दोन कामे झाली. तिसरे तुमच्यासमोर व्हायचे आहे. या मुलीचे लिहिणे असा कुणी वाचावा, ज्याने ते कधी पाहिले नाही आणि ज्याला ते वाचायचे नाही."

राजाने हौसाला विचारले की असा कोण. हौसाने बोट दाखवले नाही. ती चालत गेली आणि तिने गुंडाळी प्रधान दंडपालाच्या हातात दिली.

दंडपाल हसला. त्याने गुंडाळी हातभर उलगडली, वर धरली, दरबाराला दाखवली.

"महाराज, ही अक्षरे नव्हेत. कोंबडीचे पाय आहेत. मला यातले एकही अक्षर लागत नाही."

"मग परत देऊन टाका," राजा म्हणाला.

पण प्रधानाने ते परत दिले नाही. ज्याला वाचता येते त्याला न वाचणे हातात नसते. डोळे उघडे आहेत तोवर ते वाचतात, आणि वळण असे होते की एक शब्द पुढच्याचा हात धरून ओढत नेई. मधे थांबायला बोटभर जागा नव्हती. प्रधानाने आणखी हातभर उलगडले. मग आणखी. चौकात ऊन शिळांच्या पायथ्याशी गेले होते. देवडीची भिंत रिकामी दिसत होती. प्रधानाचे ओठ हलू लागले होते आणि ते त्याला ठाऊक नव्हते.

"निम्मी राख," तो एकाएकी म्हणाला. "हे धादांत खोटे आहे. तिसरा हिस्सा होती."

राजा पुढे झुकला.

"प्रधानजी," राजा म्हणाला, "कुठे लिहिले आहे तसे?"

दंडपालाचे बोट सवयीने ओळीवर गेले. मग त्याने ते बोट पाहिले आणि कापड त्याच्या हातून सुटले.

आदिशिळा मधोमध उकलली. अचलनाथाने दोन्ही पाय बाहेर काढले, जमिनीवर टेकवले, आणि चार पिढ्यांनी पहिले पाऊल टाकले. त्याच वेळी नव्या शिळेवरच्या तीन ओळींतली अक्षरे वाळलेल्या खपल्यांसारखी सुटून खाली पडली. टिटवीने त्यातली दोन उचलून पाहिली आणि टाकून दिली. देवडीवर बहिरोजी ओरडला, कारण त्याने ज्या भिंतीला पाठ टेकली होती तिथे एकेचाळीस माणसे बसलेली होती आणि तो त्यातल्या एका म्हातारीच्या मांडीवर होता. त्याने तिची माफी मागितली. मग तो पाणी आणायला धावला.

येसू चौकात आली. तिची सावली पडली होती, तिच्याच मागून ती चालत होती. धोंडोजीला आता सगळे आठवत होते. आपण कोरलेले सुद्धा. तो तिच्यापर्यंत गेला नाही. मधेच खाली बसला.

"उठा, आबा," येसू म्हणाली. "आधी नावं वाचायची आहेत."

राजा जयकेताने सिंहासनावरून उतरून कापड स्वतः उचलले. त्यालाही हे वळण नवे होते. तो अडखळत, पण मोठ्याने वाचत गेला. त्रेसष्ट नावे झाली. प्रत्येक नावाला साळप्याच्या लोकांतून कुणीतरी हो म्हटले, जसे हजेरीला म्हणतात. चौथ्या नावाला येसूने म्हटले. सूर्य बुडाला आणि कुणीही काहीही विसरले नाही. ही त्या राज्यातली पहिली अमावास्या होती जिच्यानंतर लोकांना दुसऱ्या दिवशी कालचे आठवत होते.

दंडपालाला देहदंड द्यावा असे पुष्कळांचे म्हणणे पडले. साळप्याच्या लोकांनी तो नाकारला. त्यांनी मागितले की प्रधानाचा नवा वाडा उतरवून त्याचा चुना बांधाला लावावा, आणि नव्या साळप्यात प्रधानाला कुटुंबासह घर द्यावे, बांधाला लागून पहिले. राजाने ते मान्य केले. तो बांध आजतागायत पाझरलेला नाही.

हौसाने देवडीवरच वळण शिकवायला सुरुवात केली. कोष्टी आले, कोळी आले, सासुरवाशिणी आल्या. बहिरोजी सगळ्यांत शेवटी आला आणि सगळ्यांत आधी शिकला. महिनाभरात राजवाड्यावर इतक्या तक्रारी येऊन पडल्या की राजाची दुपारची झोप गेली, मग संध्याकाळचे गाणे गेले. त्याने एकदा कंटाळून हौसाला विचारले की लोक एवढे कशाला लिहितात. ती म्हणाली, महाराज, चार पिढ्यांचे तुंबले आहे.

राजाने दिवा जवळ ओढला आणि पुढचे कापड उलगडले.

ज्यांनी ऐकले त्यांनी सांगावे, ज्यांनी पाहिले त्यांनी लिहावे, आणि ज्यांच्याविषयी लिहिले असेल त्यांनी ते वाचावे.